लाल-पांढऱ्या पट्ट्यांची दीपमाळ

हिरामण खालकर या गृहस्थाबद्दल मला आदर नाही, हे सुरुवातीलाच सांगतो. दिवाळी अंकांतून गावोगावच्या निःस्वार्थी माणसांची चित्रं येतात. ती वाचून डोळे पुसायची ज्यांना सवय आहे त्यांनी हा मजकूर सोडून दिलेला बरा. हिरामणही निःस्वार्थीच आहे. जे करतो त्याचा एक पैसा घेत नाही. पण माझी सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेली, आणि फुकट मिळालेल्या मालाची तक्रार कुणी करत नाही म्हणून तोच सगळ्यात वाईट निघतो, एवढं मी त्यातून नक्की शिकलो.

सायखेड्याच्या थोडं पुढे, गोदावरीच्या काठी आमचं गाव. गावाचं नाव सांगत नाही. जे झालं त्यानंतर गावालाही ते सांगावंसं वाटत नाही. नदीवर महादेवाचं देऊळ आहे आणि देवळासमोर काळ्या दगडाची जुनी दीपमाळ. तीन पुरुष उंच, वर निमुळती होत गेलेली, अंगातून चारी बाजूंना दगडी हात बाहेर आलेले. त्रिपुरी पौर्णिमेला त्या हातांवर पणत्या ठेवतात. बाकी वर्षभर तिथे कावळे बसतात. ती कुणी बांधली, केव्हा बांधली, हे गावात कुणाला माहीत नाही. माहीत नसणं ही काही लाज वाटण्यासारखी गोष्ट नाही. हिरामणला मात्र ते कधीच सहन झालं नाही.

सातपूरच्या आमच्या कंपनीत तो कॅन्टीनचा सुपरवायझर होता. मी अकाउंट्सला. एकाच गावचे, त्यामुळे इतर साहेबांपेक्षा मला त्याचं बोलणं जास्त ऐकावं लागे. जेवण वेळेवर आणि नीट देणं हे त्याचं काम. ते तो जेमतेम करी. पण वरण पातळ झालं की ते का झालं याची हकीकत त्याच्याकडे गरमागरम तयार असे.

“लातूरला डाळीची गाडी उलटली साहेब. समदी डाळ रस्त्यावर. जेवढी वेचता आली तेवढी तुमच्या ताटात हाय.”

भुकेली माणसं हसत आणि हसता हसता ते वरण पिऊन जात. पण हसले म्हणून कुणी त्याला मान देत नव्हतं. “ए हिरामण, चटणी आण” यापलीकडे त्याला हाक नव्हती.

एकदा कंपनीची सहल कोकणात गेली. एका बंदरावरचं जुनं दीपगृह बघायला आम्हाला नेलं. लाल आणि पांढऱ्या पट्ट्यांचा तो मनोरा, आणि तिथे एक निवृत्त गृहस्थ केवळ हौसेने येणाऱ्यांना माहिती सांगायचे. पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या, डोक्यावर टोपी. दिवा किती लांबून दिसतो, भिंगं कशी बसवली, वादळात काय होतं, असं सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. आमच्या मॅनेजरसाहेबांनी मीटिंगमध्ये कधी कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही, पण तिथे ते हात मागे बांधून ऐकत होते. निघताना त्यांनी त्या गृहस्थांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, “थँक यू, सर.”

मी सहज हिरामणकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं.

परतीच्या बसमध्ये भेंड्या चालल्या होत्या. एरवी त्यात सगळ्यात मोठा आवाज त्याचा. त्या दिवशी तो माझ्या शेजारी येऊन बसला.

“साहेब, त्या मानसाला पगार किती असंल?”

“काही नाही. हौस म्हणून करतात.”

“आन् तरी मॅनेजर त्याला सर म्हनला.”

“म्हणाला.”

“आपल्याला कोन सर म्हननार?”

“कुणी नाही,” मी म्हटलं. ते खरंच होतं. मग मी झोपलो.

निवृत्तीनंतर हिरामण अंबडला मुलाकडे राहायला गेला. मुलगा संतोष घरी असला तरी कानाला यंत्र लावून ऑफिसशी बोलत असतो. सून सविता दिवसभर कंपनीत. हिरामणने तोंड उघडलं की कुणीतरी म्हणतं, “बाबा, एक मिनिट.” ते मिनिट संपत नाही. मग तो दर रविवारी पहिल्या एसटीने गावाला यायला लागला. असाच एका रविवारी मी देवळात गेलो, तर हा दीपमाळेशेजारी पांढऱ्या शर्टात उभा. खांद्यावर सोनेरी पट्ट्या. डोक्यावर टोपीसुद्धा होती. ती लग्नातल्या बँडवाल्याकडून आणली होती आणि समोरचं बँडचं नाव काळ्या दोऱ्याने भरून बुजवलं होतं.

थंडीत नाशिकची माणसं नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला जातात. काही गाड्या चहासाठी आमच्या गावात थांबतात. हिरामण त्यांना गाठू लागला.

“पक्षी काय, आज हाय उद्या उडून गेला. ही कुठं जाती का? या. चपला तिथं ठेवा. काय दिसतंय तुम्हाला हे?”

“दीपमाळ,” लोक म्हणत.

“चूक! समदे हेच म्हनतात. हे गोदावरीचं लाइटहाऊस हाय.”

लोक वर बघत. तेवढ्यात तो हात नदीकडे करी.

“हितून पैठणपर्यंत जहाजं जायची. धान्याची, मिठाची. अंधारात कप्तानाला काठ कसा दिसनार? मग टोकावर मोठा दिवा. दिवा दिसला की कप्तान वरडायचा, आलं गाव, उतरवा शिडं!”

समोर नदीत म्हशी उभ्या असत आणि पाणी त्यांच्या पोटालाही लागलेलं नसे. क्वचित एखादा शहाणा विचारी, “काका, इथे जहाज कसं चालेल?”

“तवा पानी होतं. धरनं कुठं होती तवा?”

धरण म्हटलं की नाशिकचा माणूस मान डोलावतो. तोही डोलवी, फोटो काढी आणि पक्ष्यांकडे निघून जाई. शिकलेली, चांगल्या गाड्यांतून येणारी ही माणसं. किराणा घेताना पाकिटावरची तारीख तपासतील, पण गोदावरीत गलबतं सोडली तर ब्र काढणार नाहीत.

मी देवळाच्या जीर्णोद्धार समितीचा चिटणीस आहे. बी.कॉम. झालेल्या माणसाला गाव असल्या कामातून सोडत नाही. त्या नात्याने मी एकदा त्याला विचारलं.

“हिरामणराव, हे कुठे वाचलंत?”

“वाचलं नाय साहेब. समजलं.”

“कशावरून?”

“उंच हाय. नदीकाठी हाय. वर दिवा लागतो. अजून काय पायजे?”

तीन खऱ्या गोष्टींची बेरीज करून खोटं उत्तर काढणारी माणसं मी खूप पाहिली. ती बहुतेक मार्केटिंगला होती. कॅन्टीनमध्येही एक होता हे मला उशिरा कळलं.

देवळाची पूजा आणि झाडलोट गुरवाच्या तानुबाई बघतात, आणि देवळाबाहेर भजीही तळून विकतात. त्यांना म्हटलं, “तानुबाई, तुमच्या दारात हा काय वाट्टेल ते सांगतोय, ऐकता ना?”

“ऐकते की. बरं सांगतो. त्याच्यापायी गाड्या थांबत्यात, देवापुढं चार नारळ फुटत्यात.”

“पण खोटं आहे ते.”

“भाऊ, माझा सासरा सांगायचा, ही दीपमाळ भुतांनी एका रातीत रचली. त्यापरीस जहाज बरं.”



मागच्या वर्षी पावसाळा सरल्यावर नाशिकहून हर्षाली नावाची एक मुलगी आली. पुरातत्त्व शिकलेली. दर महिन्याला चाळीस-पन्नास लोकांना घेऊन ती जुनी ठिकाणं दाखवायला फिरते. तिने दीपमाळेला चारी बाजूंनी पाहिलं, दगडावरून हात फिरवला आणि मग हिरामणचं सगळं भाषण शेवटपर्यंत ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, “थँक यू, सर.”

ही हल्लीची मुलं रिक्षावाल्यालाही सर म्हणतात. त्यात काही नसतं. पण हिरामणचं तोंड कोकणातल्या त्या दीपगृहासमोर उघडं राहिलं होतं, तसंच उघडं राहिलं.

हर्षालीने प्रस्ताव मांडला. त्रिपुरी पौर्णिमेला ती तिची माणसं घेऊन येईल. दीपमाळ पेटताना बघतील. लोकांना आवडलं तर हे ठिकाण ती कायमचं धरील आणि महिन्याला एक खेप होईल.

“आणि सांगायला तुम्हीच,” ती हिरामणला म्हणाली. “फक्त जहाजं नकोत, काका. जे माहीत आहे तेवढंच सांगू. त्रिपुरीला दिवे कसे लावतात, आधी कुठला, शेवटी कुठला, कोण चढतं. तेवढं सांगितलंत तरी पुष्कळ आहे.”

“बरोबर हाय,” हिरामण म्हणाला.

तो मला गाडीपर्यंत सोडायला आला. चालताना त्याचे पाय जमिनीवर नव्हते.

“साहेब, दर म्हैन्याला! पन्नास मानसं! आन् समदी ऐकनारी. एक मिनिट म्हननारं त्यात कुनी नाय.”

“मग जहाजं बुडवा.”

“बुडवली म्हना की.”

जहाजं त्याने बुडवली असतीलही. पण ज्याच्याकडे सांगायला खरं काही नाही, त्याची खोटी गोष्ट काढून घेतली की तो दुसरं काहीतरी करतोच. हिरामणने ठरवलं की अडचण गोष्टीत नाही, दीपमाळेच्या दिसण्यात आहे.

आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की आधी रंगाचे डबे येतात. शाळेत साहेब येणार, झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरू. पुढारी येणार, रस्त्याचे दुभाजक रंगवा. देव तर बिचारे दर जत्रेला ऑइलपेंटचा नवा थर अंगावर घेतात. कितीतरी मारुतींचं नाक त्या थरांखाली कधीच बुजून गेलं आणि भक्त म्हणतात, मूर्ती कशी तेजस्वी दिसते. हिरामण याच मातीतला. मी ऑडिटमध्ये अडकलो होतो, गावी फिरकलो नव्हतो. त्रिपुरीच्या दिवशी दुपार कलल्यावर पोचलो तर देऊळ यायच्या आधी, उसाच्या शेतावरून, लांबूनच ती दिसली.

लाल पट्टा, पांढरा पट्टा. पुन्हा लाल, पुन्हा पांढरा. थेट टोकापर्यंत. कोकणातलं दीपगृह उचलून गोदेकाठी आणून रोवावं तशी.

जवळ गेलो. चौथऱ्यावर दोन हिरवे पोपट, मधे कमळ, आणि खाली निळ्या अक्षरांत ‘सौजन्य: हिरामण खालकर, मार्गदर्शक’. पेंटर शेतकऱ्यांच्या ट्रॉल्या रंगवणारा होता. हाताच्या सवयीने त्याने मागच्या बाजूला ‘पुन्हा भेटू’ असंही लिहून टाकलं होतं.

हिरामण इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत समोर आला.

“कशी दिसती, साहेब?”

“कुणाला विचारून केलंत हे?”

“गावाला विचारलं की. समदे म्हनले झ्याक. तुम्ही हापिसात होते.”

तानुबाई पणत्या पुसत बसल्या होत्या. “भाऊ, आता कशी देवाची वाटती. आधी नुसती कोळशाच्या वखारीतून आणल्यावानी.”

मी बोट लावलं. बोट लाल झालं.

“ओली आहे ही.”

“समदीला सकाळी अजून एक हात मारला. कावळ्यांनी घान केली होती. थंडी हाय ना, वाळंल हळूहळू.”

“आणि यावर तुम्ही पणत्या पेटवणार?”

“त्याच्यासाठीच तर रंगवली.”

“अहो, ऑइलपेंट आहे हा. पेट घेईल. घरी चूल रंगवता का तुम्ही?”

बाजूला गावातली पाचसहा माणसं उभी होती. त्यातला एकही म्हणाला नाही की साहेब बोलतात त्यात अर्थ आहे. “लावू द्या हो, काय होतंय, दगडच हाय आत,” असं एक जण म्हणाला आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. हिरामणने मला दंडाला धरून बाजूला घेतलं.

“साहेब, तुम्ही नेहमी नाट लावता. आजच्या दिवस नका लावू.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “आज ती मला सर म्हननार हाय. पन्नास मानसांच्या म्होरं.”

तेवढ्यात बस आली.

खादीचे कुडते, स्टीलच्या बाटल्या, ऊन नसताना टोप्या. “हाऊ कलरफुल!” एक बाई म्हणाल्या. दाढीवाल्या एका गृहस्थांनी विचारलं, “हे ओरिजिनल डिझाइन आहे का?”

“एकदम ओरिजिनल,” हिरामण म्हणाला.

हर्षाली सगळ्यात शेवटी उतरली. बसचा दांडा तिच्या हातात तसाच राहिला. ती बराच वेळ वर बघत होती.

“काका, हे कधी झालं?”

“तुमच्यासाठी,” हिरामण म्हणाला.

तिला सर म्हणायचं सुचलं नाही. हिरामणच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्याने घाईने शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना चौथऱ्याभोवती उभं केलं.

आमच्याकडची रीत अशी आहे की दिवे खालून वर लावत जायचे. खालच्या हातांवरच्या पणत्या बायका पेटवतात, वरच्या एक जण चढत चढत पेटवतो, आणि टोकावरचा मोठा दिवा त्या वर्षी गाव ज्याला सांगेल त्याने लावायचा. हिरामणने गावाला विचारत बसण्यापेक्षा स्वतःलाच सांगून टाकलं होतं. बायकांनी पणत्या लावल्या. सूर्य बुडाला होता, उजेड अजून होता. लाल-पांढऱ्या पट्ट्यांवर ज्योती हलत होत्या आणि माणसं मोबाइल वर धरून उभी होती. हिरामण एकेका दगडी हातावर पाय देत वर गेला. सुरुवातीला जेवढं ठरलं होतं तेवढंच सांगत होता. पण वरच्या दिव्यापाशी पोचल्यावर त्याने खाली पाहिलं. पन्नास तोंडं वर वळलेली. असं दृश्य त्याने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं असणार. एवढी माणसं समोर असताना त्याच्याच्याने राहवलं नाही.

“आन् मंग लांबून जहाज दिसायचं!” तो वरून ओरडला. “मिठाचं! कप्तान म्हनायचा...”

त्याच वेळी खालच्या एका पणतीशेजारी लाल रंग पापडासारखा फुगला आणि फुटला. मग दुसरा. मग ओळीने सगळ्याच पणत्यांखाली तसे पापड उठायला लागले. काळा धूर निघाला. असा वास सुटला की देवळातला धूप कुठल्या कुठे गेला.

“काहीतरी ट्रॅडिशनल टाकलं असेल त्यात,” कुडत्यातला एक जण दुसऱ्याला म्हणाला आणि मोबाइल आणखी जवळ नेला.

मग एक ज्योत पणती सोडून बाहेर आली आणि पट्ट्याच्या कडेने सरसर चालायला लागली. तानुबाईंनी हातातला पाण्याचा तांब्या तिच्यावर फेकला. जळत्या तेलावर पाणी पडलं की काय होतं हे रोज भजी तळणाऱ्या बाईला माहीत असायला हवं. भडका उडाला. बायका किंचाळत देवळाच्या पायऱ्यांवर पळाल्या. हर्षाली आणि बसचा ड्रायव्हर दोघंच काय ते शहाणे निघाले. त्यांनी नदीतली वाळू बादल्यांनी आणून ओतायला सुरुवात केली.

हिरामण वरच होता. ओल्या रंगात हात चिकटत होते, पाय घसरत होते.

“घाबरू नका! वादळात लाइटहाऊसवर असंच व्हतं!”

सगळे त्याच्याकडेच बघत होते. ऐकत एकही नव्हता.

“साहेब! शिडी!” हे मात्र त्याने साध्या आवाजात म्हटलं.

पेंटरची बांबूची शिडी मागे पडली होती. मी आणि ड्रायव्हरने ती लावली. हिरामण खाली उतरला तेव्हा पांढऱ्या शर्टावर पांढरं काही उरलं नव्हतं. टोपी वर चिकटून राहिली होती. त्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. उरलेल्या पणत्या वाळू टाकून विझवल्या, आणि त्रिपुरीच्या संध्याकाळी आमची दीपमाळ अंधारी राहिली. गावातल्या कुणाच्या आठवणीत तसं कधी झालेलं नव्हतं.

“मी तवाच म्हनले होते ह्याला, रंगवू नको,” तानुबाई म्हणाल्या. त्यांच्या मागे उभ्या असलेल्यांनीही तेच म्हटलं. अर्ध्या तासात आख्खं गाव रंगाच्या विरोधात होतं आणि पहिल्यापासून होतं.

पाहुणे बसमध्ये चढले. हर्षालीच्या हातांना वाळू आणि काजळी लागली होती. ती हिरामणसमोर येऊन उभी राहिली.

“काका, दगड काळाच होता. त्यात वाईट काय होतं?”

 एवढ्या वर्षांत हिरामणकडे उत्तर नाही असं मी पहिल्यांदाच पाहिलं. मला समाधान वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

कुडतेवाल्यांनी काढलेला व्हिडिओ सगळीकडे फिरला. आमच्या कॅन्टीनमध्ये तो जेवताना लावला गेला आणि ज्यांनी त्याच्या हातचं पातळ वरण पिताना माना डोलावल्या होत्या तेच आता सगळ्यात मोठ्याने हसले. संतोषने बापाला सांगितलं, आता गावाला जायचं नाही, घरात बसा. त्यानंतरचे काही रविवार देवळात शांतता होती. येणाऱ्या गाड्या चहा पिऊन निघून जात. दीपमाळ अर्धी लाल, अर्धी पांढरी आणि मधे मधे काळे ओघळ, अशी उभी होती.

हर्षालीने माझ्यामार्फत निरोप पाठवला होता. तारेचा ब्रश अजिबात लावू नका, दगड खरवडेल. नायलॉनचा ब्रश घ्या, रंग सुटायचं अमुक द्रावण घ्या, एका वेळी हातभर जागा. मी तो गावाला वाचून दाखवला आणि हिरामणच्या फोनवरही पाठवला. कुणी पुढे आलं नाही. रंगवताना सगळ्यांचं एकमत होतं, घासताना प्रत्येकाला शेतात काम निघालं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी गेलो तर हिरामण चौथऱ्यावर उकिडवा बसलेला. अंगात बनियन, हातात नायलॉनचा ब्रश. एक पोपट निघाला होता, दुसऱ्याची चोच उरली होती.

“संतोषने सोडलं?”

“न सांगता आलो.”

त्याने काम चांगलं केलं होतं. दगडाला एक ओरखडा नव्हता. तो गप्प बसून घासत राहिला असता तर मी इथे त्याचं कौतुकही लिहिलं असतं. पण तेवढ्यात एक गाडी थांबली आणि त्यातल्या बाईंनी विचारलं, “काका, काय करताय हे?”

हिरामणने ब्रश खाली ठेवला.

“या. चपला तिथं ठेवा. हे जे लाल दिसतंय ना, ते मी केलं. माझ्या ह्या हातांनी. मूर्खपना कसा असतो ते बघायचं असंल तर हितं बघा.”

ती माणसं थांबली. ऐकत राहिली. मुलांनी ब्रश घेऊन थोडं घासून पाहिलं. बाईंचे डोळे ओले झाले. पुढच्या रविवारी आणखी दोन गाड्या. आणि दर रविवारी त्याचा गुन्हा वाढत चालला. आधी पट्ट्यांनी पेट घेतला होता, मग ज्वाळा देवळाच्या कळसाला भिडल्या, मग तो टोकावरून उडी टाकून वाचला. लोक पश्चात्ताप देवापुढे करतात. याला पश्चात्तापालाही पब्लिक लागतं.

“हिरामणराव, शिडीवरून उतरलात तुम्ही. मी धरली होती.”

“तुम्ही व्हते म्हनून वाचलो, असं बी सांगतो की मी.”

मग माझ्याकडे एक ब्रश सरकवून म्हणाला, “साहेब, मार्चमधी रिटायर झाले की तुम्ही बी मोकळेच. मागची बाजू तुम्ही घ्या.”

“मला बोलता येत नाही तुमच्यासारखं.”

“ब्रशाला कुठं बोलावं लागतं?”

मी ब्रश घेतला नाही. मागच्या बाजूचं ‘पुन्हा भेटू’ अजून तसंच आहे.

फेब्रुवारीत हर्षाली बस घेऊन आली. आपणहून. जुन्या दगडावरचा रंग कसा काढतात हे तिला लोकांना दाखवायचं होतं आणि नाशिक जिल्ह्यात ते करत बसलेला बहुधा हा एकच रिकामा माणूस होता. या वेळी हिरामणने गणवेश घातला नव्हता. ओल्या हातांनी तो सांगत होता, हातभर जागा कशी घ्यायची, द्रावण किती वेळ ठेवायचं, दगड कुठे थांब म्हणतो. सगळं खरं होतं, कारण ते त्याने केलं होतं. हर्षाली मधे एकदाही बोलली नाही. शेवटी पिकल्या केसांच्या एका गृहस्थांनी त्याचा तो ओला, लालसर हात हातात घेतला आणि म्हणाले, “थँक यू, सर.”

हिरामणने माणसांच्या डोक्यांवरून मला शोधलं. मी घड्याळ बघत होतो.

मग गर्दीतून कुणीतरी विचारलं, “पण काका, ही दीपमाळ मुळात कशासाठी होती?”

हर्षालीने त्याच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्याने एकदा नदीकडे नजर टाकली. तिथे म्हशी होत्या.

“त्रिपुरीला दिवे लावायला,” तो म्हणाला. “अजून काय.”

हर्षाली हसली. पुढच्या महिन्याची तारीख तिने तिथेच ठरवली आणि माणसं बसकडे वळली. चपला शोधत एक नवरा-बायको मागे राहिले होते. हिरामणने बसच्या दाराकडे बघून घेतलं. हर्षाली आत चढली होती. त्याने त्या दोघांना खुणेने जवळ बोलावलं आणि नदीकडे हात केला.

“तिच्यासमोर बोललो नाय,” तो हळूच म्हणाला, “पन जहाजं यायची.”